पाण्यात उतरताना गाडीची चावी कुठं ठेवता?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण गणपतीपुळ्याला गेलो होतो. आई, बायको, दोन लेकरं, धाकटा भाऊ आणि मी. पहाटे तीनला लातूर सोडलं, तुळजापुरात देवीला रस्त्यावरूनच हात जोडले, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो तेव्हा दिवस कलला होता. लेकरांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला. धाकटी गाडीतूनच ओरडली, "पप्पा, याला पलीकडचा काठच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं आणि सगळे पाण्यात उतरलो. चावी माझ्या बर्म्युड्याच्या चेनच्या खिशात होती. चेन लावलेली, वरून दोनदा चाचपून बघितलेली, त्यामुळं निर्धास्त होतो. चावी पडली नाही, पण पाणी आत गेलं. पाऊण तासानं गाडीपाशी आलो तर बटन दाबून काहीच होईना. पुश बटनची गाडी, दाराला चावीचं भोक दिसत नाही, हातातली चावी म्हणजे नुसता प्लास्टिकचा खडा. फोन, कोरडे कपडे, खाण्याचा डबा सगळं आत. आईला शुगर आहे. तिनं सकाळची गोळी घेतली होती आणि पाण्यातून आल्यावर खाऊ म्हणून डबा गाडीत ठेवला होता. अर्ध्या तासात तिचे हात थरथरायला लागले. "मला काही होत नाही, लेकरं सावलीत घ्या" म्हणत होती. एका शहाळेवाल्या मावशींनी तिला बाकड्यावर बसवलं, साखरपाणी पाजलं, बिस्किटं दिली, आणि पैसे घेतले नाहीत. त्या माउलीचं नावही विचारायचं राहिलं, हे अजून मनाला लागतं.

शेवटी लॉजवरचा एक पोरगा आला. माझ्या हातातून चावी घेतली, बाजूची बारीक कळ सरकवली आणि आतून करंगळीएवढी लोखंडी पट्टी ओढून काढली. दाराच्या मुठीखाली एक टोपण होतं, ते उचकटलं, तर खाली भोक. तीन वर्षं गाडी चालवतोय, मला हे माहीत नव्हतं. दार उघडलं, हॉर्न बोंबलायला लागला, पण गाडी काही चालू झाली नाही. दुसरी चावी लातूरला कपाटात. साडूभाऊंनी ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिली, भाऊ एसटीनं कोल्हापूरला जाऊन घेऊन आला. दोन दिवस त्यातच गेले. नवीन चावीला शोरूमनं दहा हजारांच्या वर सांगितलं आणि तीन आठवडे थांबवलं.

आता जानेवारीत तीन घरं मिळून तारकर्लीला जायचं चाललंय. तुम्ही लोक समुद्रावर, गोदावरीवर, धबधब्याखाली जाता तेव्हा चावीचं नेमकं काय करता? तुमचा अनुभव सांगा. ऐकीव नको.

बिंदुसरा, बीड

पुढच्या चाकावर, आतल्या बाजूला ठेवायची. कपिलधारला, सौताड्याला कायम तसंच करतो. आजवर काही झालं नाही.

गोदाकाठ, नांदेड

बिंदुसरा भाऊ, कृपा करून हे करू नका. घाटावर गाडी लावून माणूस खाली वाकला, चाकापाशी हात घातला आणि रिकाम्या हातानं पाण्याकडं गेला, की बघणाऱ्याला बाकी काही सांगावं लागत नाही. आमच्या पाहुण्यांची गाडी नांदेडात अशीच उघडली गेली. चावी जागेवर परत ठेवलेली, गाडीही जागेवर, फक्त पाकीट आणि सोन्याची अंगठी गेली. अंघोळीला उतरताना बोटातून निसटू नये म्हणून काढून ठेवलेली अंगठी! घरी गेल्यावर लक्षात आलं.

नंबर प्लेटमागं, बंपरखाली, वायपरखाली, सायलेन्सरमधे, या सगळ्या जागा चोराला आपल्याआधी ठाऊक असतात. आणि पुश बटनची चावी चाकावर ठेवली तर कित्येक गाड्यांना ती जवळ असल्याचं कळतं आणि मुठीला हात लावला की दार आपोआप उघडतं. म्हणजे चोराला चावी शोधायचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट. चावी अशी बाहेर ठेवून गाडी गेली तर विमा कंपनी निष्काळजीपणा म्हणून दावा अडवू शकते. गाडी चोरीला गेल्यावर कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक कमी पडली की उत्तरं देता देता नाकीनऊ येतात. चावी हरवली तर त्याच दिवशी पोलिसात तक्रार नोंदवा आणि कंपनीला लेखी कळवा. विम्यात चावीसाठी वेगळं जोडसंरक्षण मिळतं, पुढच्या वेळी पॉलिसी भरताना विचारून घ्या.

बिंदुसरा, बीड

बरोबर आहे. एवढा विचार केला नव्हता. आजपासून बंद.

कानसधार, परभणी

मी चाव्यांचंच काम करतो, एकोणीस वर्षं झाली. मांजराकाठ दादा, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं दर उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर येतात. चावी पांढरी पडलेली, आत मीठ साचलेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जिला एक चावी म्हणतो त्यात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. लोखंडी पट्टी दाराचं कुलूप फिरवते. रिमोटचं बटन दुरून दार उघडतं, त्याला सेल लागतो, बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटन सेल असतो. आणि तिसरी चिप. हिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती किंवा स्टार्ट बटनामागं तारेचं वेटोळं असतं, चावी जवळ आली की त्या वेटोळ्यातूनच चिपला ताकद मिळते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच इंजिन चालू होतं. सेल संपला तर चावी बटनाला टेकवून गाडी चालू होते ती यामुळंच. तुमच्या चावीत सगळं एकाच सर्किटच्या पट्टीवर होतं आणि खाऱ्या पाण्यानं ती पट्टीच मारली, म्हणून टेकवूनही उपयोग नव्हता.

आता उपाय. चिपवाली चावी पाण्यात न्यायचीच नाही. नुसती लोखंडी पट्टी न्यायची. साधी चावी असेल तर कोणताही चांगला चावीवाला काही शे रुपयांत बिनचिपची नक्कल कापून देतो. नागमोडी खाचेची असेल तर मशीन लागतं, थोडे जास्त पडतात. ही नक्कल दार उघडते, गाडी चालू करत नाही. पाण्यात पडली तरी तुमचं नुकसान त्या काही शे रुपयांचं, आणि सापडली तरी सापडणाऱ्याला ती कोणत्या गाडीची हे कळत नाही. लाटेत गंजली तर घरी जाऊन तेलाचा बोळा फिरवा.

मग मूळ चावी? ती गाडीच्या आत. साध्या गाडीत सोपं आहे, चावी आत कुठंतरी दडवा आणि नकलेनं दार बंद करा. पुश बटनच्या गाडीत मात्र आत चावी आहे हे गाडीला कळतं, ती लॉक होऊ देत नाही, पी पी करत राहते. तिथं चावीतला सेल काढून ठेवायचा. सेल काढला की गाडीला चावी दिसत नाही. नखानं किंवा रुपयाच्या नाण्यानं झाकण उघडतं. सेल काढायचा नसेल तर चपात्या बांधायच्या चंदेरी कागदात चावी घट्ट गुंडाळा, दोन-तीन पदर, कुठंही फट नको. धातूच्या कागदातून लहरी जात नाहीत.

पट्टीनं लॉक करताना कित्येक गाड्यांत फक्त ड्रायव्हरचं दार बंद होतं. म्हणून आधी आतल्या बटनानं बाकीची दारं लॉक करा, मग उतरा, मग पट्टी फिरवा, मग चारही दारं आणि डिकी ओढून बघा. परत आल्यावर पट्टीनं दार उघडलं की हॉर्न वाजू शकतो. घाबरायचं नाही, चावी बटनाला टेकवून गाडी चालू केली की थांबतो.

प्रत्येक गाडीचं थोडं वेगळं असतं. आधी घरच्या अंगणात करून बघा, आणि करून बघताना दुसरी चावी दाराबाहेर माणसाच्या हातात ठेवा. आत राहिली म्हणून काच फोडलेले लोक मी पाहिले आहेत.

देवगिरी, छ. संभाजीनगर

कानसधार यांना दुजोरा. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो. भिजलेल्या चावीचं काय करावं तेवढंच सांगतो, कारण पहिल्या दहा मिनिटांत लोक चुकतात.

गोड्या पाण्यात, म्हणजे पैठणला, गंगाखेडला भिजली तर वाचायची शक्यता बरीच. समुद्राच्या एका लिटरमधे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यातून वीज सहज वाहते. सेल आत असेल तर त्या तीन व्होल्टवर तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या पडून विरघळायला लागतात. म्हणून पहिलं काम सेल काढणं. बटन दाबून "चालतंय का" बघत बसू नका. दुसरं काम ऐकून लोक दचकतात, पण चावी उघडून आतली सर्किटची पट्टी स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवायची. पिण्याच्या बाटलीतलं पाणी चालेल, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम. मीठ आतच वाळलं तर हवेतला ओलावा ओढून ते महिनाभर पट्टी खात राहतं. धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्यानं पुसा आणि सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस वाळवा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा फारसा उपयोग नाही, उलट पिठी आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नका. मग नवा सेल टाका.

मांजराकाठ, तुमची जुनी चावी टाकली नसेल तर एकदा आणून दाखवा.

मांजराकाठ, लातूर

देवगिरी सर, ठेवली आहे. उघडून बघितली, सेलच्या पत्र्याभोवती हिरवं-पांढरं फुललंय, मोरचूद लावल्यासारखं. पण आणतो.

सईची आई, नांदेड

इतके सगळे उपाय वाचले. मला एक सांगायचंय.

आमच्या घरी चावी सांभाळायचा उपाय लग्नापासून ठरलेला आहे. तो उपाय म्हणजे मी. सहस्रकुंडला मी काठावर, पैठणला मी पायरीवर, अलिबागला मी वाळूत. मांडीवर चार फोन, दोन पाकिटं, चष्मे, घड्याळं आणि मुठीत चावी. कुणी मुद्दाम बसवत नाही. "तू बसतेस ना जरा?" एवढंच म्हणतात आणि चावी हातात देतात. पंजाबी ड्रेसला खिसा नाही, साडीला नाही, मग ती तशीच मुठीत. मागच्या वेळी परत आल्यावर बघितलं तर तळहातावर चावीच्या दातांचे वळ उठलेले.

मला पोहता येतं. वडिलांनी वाडीच्या विहिरीत कॅन बांधून शिकवलं होतं, आठ वर्षांची असताना. सईला हे माहीतच नव्हतं. तिनं मला कधी पाण्यात बघितलं नाही.

कानसधार दादा, तुमची ती बिनचिपची चावी मला करून हवी आहे. नांदेडला कुणाकडं मिळेल?

कानसधार, परभणी

ताई, नांदेडला जुन्या भागात चांगले कारागीर आहेत. मूळ चावी आणि गाडीचं आरसी घेऊन जा, "फक्त दाराची, चिप नको" एवढं म्हणा. कापल्यावर त्यांच्यासमोरच दारात दोन-तीनदा फिरवून बघा. अडकत असेल तर कानस मारून द्यायला सांगा, तसंच रेटायचं नाही.

गोदाकाठ, नांदेड

ताई, तुमचं वाचून थांबलो. आमच्याकडंही बायकोच बसते. कधी विचारलंच नाही तिला.

गंगाखेडचे अण्णा

माझं वय एकाहत्तर. नातवाला सांगून हे टाईप करून घेतोय. चावी पाण्यात न्यायची ती बांधायची कुठं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो.

विहिरीवर मोटारीच्या पेटीची चावी आम्ही करदोड्याला बांधत आलो. शेतात, विहिरीत, ओढ्यात, झोपेत, कुठंही. चाळीस वर्षांत एक हरवली नाही. वारीला चंद्रभागेत उतरताना वाटखर्चीचे पैसे कनवटीला असायचे. खिशाचा भरवसा नाही. खिसा पाण्यात फुगतो, उलटा होतो. करदोडा कंबरेला धरून राहतो.

पण बांधणं नीट पाहिजे. नुसती सरकगाठ पाण्यात सैल पडते. चावीच्या भोकातून दोरा दुहेरी ओवायचा, त्याच्या फासातून सगळी चावी काढून घ्यायची आणि ओढायची. मग वर दोन गाठी. दोरा सुती नवा असेल तर आधी भिजवून गाठ आवळायची, कारण कोरडी आवळलेली गाठ भिजल्यावर सरकते. आता नायलॉनची नाडी मिळते, ती गुळगुळीत, तिला तिसरी गाठ लागते आणि टोक काडीनं जाळून घ्यावं. चावी पोटाकडं न ठेवता कमरेच्या बाजूला, हाडाच्या वर घ्यावी. पोहताना टोचत नाही. पट्टीची टोकं धारदार असतील तर एक चिंधी गुंडाळावी.

सईच्या आईनं परकराच्या नाडीला आतून बांधावी. माझी आई तिजोरीची चावी तशीच ठेवायची.

बिंदुसरा, बीड

अण्णा, नमस्कार. आणि ते वॉटरप्रूफ पाऊच मिळतात ऑनलाइन, गळ्यात अडकवायचे, त्यांचं काय?

देवगिरी, छ. संभाजीनगर

पाऊच फोनसाठी ठीक. चावीसाठी मी पहिली पसंती देणार नाही, पण घ्यायचाच तर त्यावर आयपीएक्स ८ लिहिलेलं बघा, हा पाणी आत न जाण्याचा दर्जा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि तेही स्थिर पाण्यात. लाट आपटते तो दाब वेगळा. आधी आत कोरडा टिश्यू कागद घालून बादलीत अर्धा तास वजनाखाली बुडवून ठेवा. कागदाचा एक कोपरा जरी ओला झाला तरी तो पाऊच शेंगदाणे ठेवायला वापरा. वाळूचा एक कण पाऊच बंद करायच्या पट्टीत अडकला तरी पाणी जातं. बंद करताना आत थोडी हवा ठेवा, म्हणजे सुटला तर तरंगेल. आणि पाऊचमधे चावीची बटनं दाबली जातात, काठाजवळ असाल तर गाडी उघडून बसते.

जालन्याचा मास्तर, सध्या रत्नागिरी

मी मूळचा जालन्याचा. अकरा वर्षं नोकरीनिमित्त रत्नागिरी जिल्ह्यात आहे. धागा उशिरा दिसला, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अजून कुणी बोललं नाही.

चावी पाण्यात पडली तर तिच्या मागं जाऊ नका.

आपल्याकडची माणसं विहिरीत पोहलेली असतात. तळाला गेलेला तांब्या बुडी मारून काढून आणतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं, तांब्या पडला तिथंच सापडतो. समुद्रात पायाखालची वाळू सरकते, परत जाणारं पाणी पाय ओढतं, आणि चावी पडली ती जागा पुढच्या लाटेला राहिलेली नसते. गणपतीपुळ्याचा किनारा फसवा आहे. चार पावलं गुडघाभर पाणी, पाचव्या पावलाला गळाभर. मी एका माणसाला चष्म्यासाठी वाकलेलं बघितलंय. दुसरी लाट डोक्यावरून गेली. जीवरक्षकांनी ओढून आणलं म्हणून वाचला. त्या माणसाचा पहिला शब्द "चष्मा" हाच होता. त्यानंतर मी प्रत्येक पाहुण्याला पाण्यात जायच्या आधी हे सांगतो. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर या, लाल झेंडा असेल तर उतरूच नका, आणि पावसाळ्यात तर नाहीच.

चावीबद्दल मी स्वतः करतो ते साधं आहे. मुक्काम असेल तर चावी खोलीत, खोलीची किल्ली लॉजच्या काउंटरवर, आणि किनाऱ्यावर चालत. गाडी न्यायचीच नाही. दोन चाव्या घरून निघतानाच बरोबर घ्या आणि दोन वेगळ्या माणसांकडं द्या. दुसरी चावी लातूरच्या कपाटात असेल तर ती इथं नसल्यासारखीच.

आणि गाडी वाळूवर उतरवू नका. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं. ओहोटीला घट्ट दिसणाऱ्या वाळूवर लोक गाडी लावतात, पोहतात, जेवतात, आणि पाणी चाकांना लागतं तेव्हा चाकं जागच्या जागी फिरून रुततात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पाणी आणखी वर येतं. स्थानिक माणसाला विचारा, "आज भरती किती वाजता?" कोणीही सांगतो.

गोदाकाठ, नांदेड

मास्तर, हे आपल्या गोदावरीलाही लागू आहे. वर जायकवाडीतून किंवा विष्णुपुरीतून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बघता बघता बुडतात. पायरीवर ठेवलेले कपडे, चप्पल, चावी, काही राहत नाही. भोंगा वाजला की सामान न बघता वर यायचं.

मांजराकाठ, लातूर

मंडळी, तारकर्लीहून काल रात्री आलो. कसं झालं ते लिहितो.

जायच्या आधी रविवारी अंगणात करून बघितलं. चंदेरी कागदाचा एक पदर दिला तर गाडीला चावी कळत होती, तीन पदरांनी कळायची बंद झाली. पण कागद दुमडीवर फाटतो, म्हणून शेवटी सेल काढायचाच ठरवलं. माझ्या गाडीत पट्टीनं खरंच फक्त ड्रायव्हरचं दार लॉक होतं. कानसधार दादांनी सांगितलं नसतं तर बाकीची तीन दारं उघडीच राहिली असती. सेल काढलेली चावी स्टेपनीच्या खाचेत, सेल गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. बिनचिपची चावी लातुरातच कापून घेतली. पहिली अडकत होती, कारागिरानं दोन हात कानस मारली आणि मग लोण्यासारखी फिरली. दुसरी मूळ चावी भावजयीच्या पर्समधे, दुसऱ्या गाडीत.

पट्टी करदोड्याला बांधली, अण्णांच्या गाठीनं. आईनंच बांधून दिली, तिला ती गाठ आधीपासून येत होती. दीड तास पाण्यात होतो, हात एकदाही तिकडं गेला नाही. दार उघडल्यावर हॉर्न वाजला, चावी बटनाला टेकवली, थांबला.

आईचा डबा आणि गोळ्या या वेळी गाडीत ठेवल्या नाहीत. वेगळ्या पिशवीत, तिच्याजवळ. परतताना गणपतीपुळ्याला वाट वाकडी केली. शहाळेवाल्या मावशी त्याच जागी होत्या. आईनं त्यांना लातूरहून नेलेली शेंगदाण्याची चटणी दिली आणि नाव विचारून घेतलं.

सईची आई, नांदेड

माझी चावी करून झाली. शिवरात्रीच्या सुट्टीत पैठणला जातोय. सईनं विचारलं, आई तू कुठवर पोहू शकतेस? पाणी किती आहे ते आधी काठावरच्या माणसांना विचारून मग उतरणार आहे. अण्णा, नाडीची गाठ जमली, पण चिंधी सरकते. तिला टाका घालू का?

गंगाखेडचे अण्णा

दोन टाके घाला. एक चावीच्या भोकापाशी, एक टोकाला.